‘ब्रेक फेल झाला’ हे उत्तर नव्हे



पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याचे एक लग्न आटोपून आम्ही अलिबागला परतत होतो. शेजारच्या काकांची डिझेलवर चालणारी, जीपच्या वळणाची उंच गाडी होती. आत आम्ही सात जण. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. काका तीस वर्षे गाडी चालवीत आलेले, हात सराईत. खंडाळा मागे पडले, बोरघाटाचा उतार लागला, आणि काकांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून एंजिन बंद केले. “आता खोपोलीपर्यंत फुकटचा प्रवास,” असे ते हसून म्हणालेही. मी भौतिकशास्त्र शिकवतो, पण त्या वेळी मीदेखील काही बोललो नाही. ही गोष्ट मला आजही बोचते.

पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागला. दुसऱ्या वळणावर लागला, पण जरा जोर द्यावा लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर काकांच्या पायाखालचा पेडल दगडासारखा घट्ट झाला होता. पेडल दाबला जाईना आणि गाडी वेग घेत होती. स्टिअरिंगही जड झालेले. काका अक्षरशः दोन्ही पाय देऊन पेडलवर उभे राहिले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत कशीबशी थांबली. उजव्या बाजूला दरी होती. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग काका म्हणाले, “ब्रेक फेल झाले. शिंगरोबाने राखलं.”

खोपोलीहून एका मेस्त्रींना आणले. त्यांनी चारही चाके पाहिली, पाइप पाहिले, ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. एंजिन चालू करून पेडल दाबला. तो लोण्यासारखा खाली गेला. मेस्त्री शांतपणे म्हणाले, “ब्रेकांना काय झालेलं नाय, काका. तुम्ही एंजिन बंद केलंत.”

काका आजही ही हकीकत सांगतात तेव्हा ‘ब्रेक फेल झाले’ असेच सांगतात. माझा या लेखातला वाद त्या तीन शब्दांशी आहे. शाळेतली यंत्रे, हवेचा दाब, ऊर्जेची अक्षय्यता हे सारे धडे ज्या एका वस्तूत एकत्र येतात, ती वस्तू रोज आपल्या दारात उभी असते. आणि ती बिघडली की आपण ‘फेल झाली’ एवढेच म्हणून मोकळे होतो. परीक्षेत ‘मुलगा नापास का झाला?’ या प्रश्नाला ‘कारण तो नापास झाला’ असे उत्तर दिले तर तुमचे शिक्षक ते स्वीकारतील काय?

घाटाचा जमाखर्च

ब्रेक म्हणजे गाडी थांबविणारे यंत्र, असे आपण म्हणतो. खरे पाहता ब्रेक हे ऊर्जेचे रूपांतर करणारे यंत्र आहे. गाडीची गतिज ऊर्जा तो घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेला देऊन टाकतो. गणित करून पाहू.

माणसांसकट २,००० किलोग्रॅम भरणारी गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की गतिज ऊर्जा मिळते: १,००० गुणिले ४००, म्हणजे ४ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत २० अंश सेल्सिअसचे सव्वा लिटरच्या आसपास पाणी उकळीपर्यंत येईल. एकदा करकचून थांबलात की चार कप चहाचे आधण झाले, असे समजा.

आता घाटाकडे वळू. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते: २,००० गुणिले ९.८ गुणिले ५००, म्हणजे ९८ लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. वेग वाढू द्यायचा नसेल आणि सारे ओझे ब्रेकवर टाकले, तर जवळजवळ २९ लिटर पाणी उकळवण्याइतकी उष्णता चार चाकांत निर्माण होणार.

पुढच्या दोन चाकांवर ब्रेकचे अधिक काम पडते, कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. समजा ७० टक्के उष्णता पुढे गेली आणि पुढच्या दोन लोखंडी डिस्क मिळून १६ किलोग्रॅमच्या आहेत. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला व अंशाला सुमारे ४६० ज्यूल. तर एकदा थांबण्याने डिस्कचे तापमान साधारण ३८ अंशांनी वाढते, ते चालते. पण पुरा घाट केवळ ब्रेकवर उतरलात, आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे धरलेत, तर वाढ ९०० अंशांच्याही वर जाते! प्रत्यक्षात वारा पुष्कळ उष्णता नेतो, म्हणून गाड्या सुखरूप उतरतात. पण वारा किती नेईल आणि आपण किती ओतू, ही शर्यत आहे. ज्याला हा हिशेब कळला त्याला ‘चढताना जो गिअर, उतरताना तोच गिअर’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम समजावून सांगावा लागत नाही. गिअरमध्ये असलेल्या गाडीची चाके एंजिनाला फिरवीत राहतात, आणि या ९८ लाखांतला मोठा वाटा एंजिनातले घर्षण आणि हवा आत-बाहेर ओढण्याचे काम यांत खर्ची पडतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. ‘डिझेल एंजिनात हवा खूप दाबली जाते म्हणून ते गाडी चांगले रोखते’ असे म्हणतात. दाबलेली हवा तर स्प्रिंगसारखी बरीचशी ऊर्जा परत देते! रोखण्याचे खरे काम होते ते खालच्या गिअरमुळे. त्यात एंजिन जलद फिरते आणि त्याचे सगळे अंतर्गत घर्षण चाकांच्या आड येते. म्हणून घाटात वरचा गिअर जवळजवळ कुचकामी आणि दुसरा-तिसरा गिअर मोलाचा.

पाय, पास्कल आणि पोकळी

आता काकांचा पेडल दगड का झाला ते पाहू.

पेडल ही एक तरफ आहे. समजा पायाने २० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला आणि तरफेने तो चौपट केला, ८० झाला. हा जोर मास्टर सिलिंडरच्या ४ चौरस सेंटिमीटर दट्ट्यावर पडला तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅमचा दाब येतो. पास्कलचा नियम सांगतो की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल तर तेथे ४०० किलोग्रॅमचा जोर मिळाला. पायाच्या २० किलोंचे एका चाकापाशी ४०० झाले! अर्थात यात फुकट काही नाही. जोर वाढला त्या प्रमाणात अंतर घटले. पेडल कित्येक सेंटिमीटर हलतो तेव्हा चाकाजवळचे पॅड केसभर सरकतात.

मुंबईत महिंद्र कंपनीने विलिज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्या गाडीला एवढीच व्यवस्था होती: चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि मध्ये द्रव. गाडी हलकी, वेग बेताचा, ड्रायव्हरचे पाय मजबूत, भागत असे. आजच्या दोन टनी गाडीला ते पुरणारे नाही. म्हणून पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये एक पसरट डबा बसवितात. त्याला बूस्टर म्हणतात. डब्यात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या दोन्ही अंगांची हवा ओढून काढलेली असते. पेडल दाबला की एका अंगाला बाहेरची हवा शिरते आणि ती पडद्याला ढकलते. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर होते. दोन्ही अंगांच्या दाबांत वातावरणाच्या सात-दशांश इतका फरक असला तर जोर येतो जवळजवळ ३५० किलोग्रॅम वजनाइतका. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके याने दोन अर्धगोल एकमेकांना लावून त्यांतील हवा काढली आणि ते घोड्यांनाही ओढून वेगळे करता आले नाहीत, हा प्रयोग तुम्ही वाचला असेल. तीच हवा येथे ड्रायव्हरच्या पायाला हात देते.

ही पोकळी येते कोठून? पेट्रोल एंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ती अर्धवट मिटली की एंजिनाची ओढ मागे पोकळी निर्माण करते. ती आयती वापरता येते. डिझेल एंजिनाची रीत निराळी. तेथे जोर कमी-जास्त करायचा तो डिझेलचे प्रमाण बदलून; हवेची वाट सहसा उघडीच असते. म्हणून आयती पोकळी मिळत नाही आणि हवा ओढण्यासाठी एंजिनावर चालणारा वेगळा पंप बसवावा लागतो. एंजिन बंद म्हणजे पंप बंद. डब्यात साठलेली पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरती असते. मग उरतो तो आपला पाय, आणि जरूर असते त्याच्या चार-पाचपट जोराची. काकांनी दोन वळणांत शिल्लक संपविली आणि तिसऱ्या वळणावर रित्या खात्यावर हुंडी लिहिली!

आणि वाचविले किती? उभ्या गाडीचे एंजिन तासाला लिटरभराच्या आतबाहेर डिझेल पिते. पाव तासाच्या उतारात पाव लिटर, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. त्यातही गंमत अशी की गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर बहुतेक एंजिनांत डिझेलचा पुरवठा आपोआप जवळजवळ थांबतो, कारण चाकेच एंजिनाला फिरवीत असतात. म्हणजे जी बचत काका एंजिन बंद करून करू पाहत होते, ती गिअरमध्ये उतरूनही झाली असती. पंप चालू राहिला असता, स्टिअरिंग हलके राहिले असते आणि ब्रेकवरचे ओझेही उतरले असते.

समुद्राची हवा आणि ब्रेक ऑइल

आपण किनाऱ्यावरचे लोक. आपल्या गाड्यांना आणखी दोन शत्रू आहेत: दमट हवा आणि मीठ.

ज्याला बाजारात ब्रेक ऑइल म्हणतात ते खरे तर तेल नव्हेच. नेहमीच्या वापरातला हा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा असतो. त्याला पाण्याची ओढ असते. हवेतली वाफ तो हळूहळू पीत राहतो. बाटलीवर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश आणि डॉट ४ चा निदान २३० अंश असावा लागतो. साधारण पावणेचार टक्के पाणी मिसळले की या खालच्या मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. आता वरचा घाटाचा हिशेब आठवा. तापलेल्या चाकाजवळ जुना, पाणावलेला द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पायाचा सारा प्रवास बुडबुडे चेपण्यातच संपतो आणि पेडल तळाला टेकतो.

बुडबुडा किती घातक असतो? मघाच्या आकड्यांवरूनच पाहा. दाब २० वातावरणांइतका झाला की बॉइलच्या नियमाने बुडबुडा जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे २ घन सेंटिमीटर हवा असेल तर मास्टर सिलिंडरचा ४ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या अर्धा सेंटिमीटर वाया सरकतो आणि तरफेमुळे पायाखाली २ सेंटिमीटर पोकळ जागा निर्माण होते. सुपारीएवढ्या बुडबुड्याची ही करामत! म्हणून मेस्त्री ‘ब्रेकमधली हवा काढतात’ आणि म्हणूनच दोनेक वर्षांनी हा द्रव बदलावा, असे सांगितले जाते. कोकणात तरी ते मनावर घ्यावे. कमी पडला म्हणून एंजिन ऑइल मात्र कधीही ओतू नये. खनिज तेलाने आतले रबरी वायसर फुगतात आणि सगळी व्यवस्था बिघडते.

मिठाची कथा तर डोळ्यांदेखत घडते. काशीदला, नागावला, दिवेआगरला सुटीच्या दिवशी पाहा. मुंबई-पुण्याची मंडळी उंच गाड्या थेट पाण्यात घालतात, लाटा उडवीत फोटो काढतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी ड्रममध्ये, डिस्कच्या पकडीत, हँडब्रेकच्या तारेच्या वेष्टनात शिरते. निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विद्युत घटच तयार झाला! लोखंड झिजते, ज्या खिळीवर पकड सरकायची ती गंजून अडकते. गाडी रविवारी घरी जाते, बिघाड दोन महिन्यांनी कुठल्यातरी घाटात उगवतो आणि तेव्हा कोणाला काशीदची आठवण राहिलेली नसते. पुळण ही गाडीची जागा नव्हेच. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या पुळणीत तर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे वेगळे सांगायला नको. चुकून खाऱ्या पाण्यात चाके गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाके व खालचा भाग धुवावा आणि सावकाश चालवीत ब्रेक हलकेच दाबून सुकवावेत.

मेस्त्रींची प्रयोगशाळा

बिघाड शोधणे ही अक्कलहुशारीची जादू नसून ती एक पद्धत आहे, हे मला एका मेस्त्रींनी शिकविले. त्या घाटातल्या प्रसंगानंतर मी स्वतः एक जुनी डिझेल गाडी घेतली. काही महिन्यांनी ती डावीकडे ओढू लागली. मुरूडहून परत आलो की डावे पुढचे चाक तापलेले आणि जळका वास. एकाने पॅड बदलले. दुसऱ्याने डिस्क घासली. तिसऱ्याने चाकांची जुळणी केली. पैसे तिघांनीही घेतले, गाडी मात्र डावीकडेच जाई.

रेवदंड्याकडच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. “आधी चाक धरू दे,” म्हणाले. आम्ही फेरी मारून आलो. चाक जखडले होते. मेस्त्रींनी जॅक लावला, चाक हाताने फिरवून पाहिले, फिरेना. मग मला विचारले, “सर, चाक दोन कारणांनी धरतं. एक, वस्तू गंजून अडकली. दोन, दाब आत अडकला. कुठलं ते कसं ओळखाल?” मी विचार करू लागलो. तेवढ्यात त्यांनी चाकाजवळची हवा काढायची निपल अर्धा फेरा सैल केली. द्रवाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळे फिरू लागले. गंज असता तर निपल उघडून चाक सुटले नसते. म्हणजे दाब अडकला होता. तो कोठे अडकला? मास्टर सिलिंडरमध्ये अडकला असता तर त्याच वाटेवरचे उजवे चाकही धरले असते. ते मोकळे होते. म्हणजे दोष फक्त डाव्या चाकाकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपमध्ये. तो कापून पाहिला, तर बाहेरून धडधाकट आणि आतून फुगून जवळजवळ बुजलेला. पायाच्या जोराने द्रव आत जाई, पाय काढल्यावर परत येत नसे. पाइपची किंमत काही शे रुपये.

मित्रांनो, या मेस्त्रींनी केले ते काय? आधी घटना पुन्हा घडवून पाहिली. दोन गृहीतके मांडली. दोहोंपैकी एकच खरे ठरेल असा प्रयोग केला. मग उरलेल्या जागांपैकी एकेक वगळली. आधीच्या तिघांनी वस्तू बदलल्या. यांनी प्रश्न विचारला. मी वर्गात वर्षानुवर्षे ‘वैज्ञानिक पद्धती’ फळ्यावर लिहीत आलो आहे, पण ती मला इतकी स्वच्छ यापूर्वी दिसली नव्हती.

तुम्हालाही पेडलची भाषा शिकता येईल. पेडल स्पंजासारखा दबतो: द्रवात हवा किंवा वाफ. पेडल दगडासारखा घट्ट: बूस्टरला पोकळी मिळत नाही; पंप, त्याचा पाइप किंवा पडदा पाहावा. दाबून धरला असता सावकाश खाली जातो: गळती, किंवा मास्टर सिलिंडरचे वायसर झिजले. ब्रेक लावताच पेडल थरथरतो: डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिली नाही. गाडी एका बाजूला ओढते: दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत किंवा सुटत नाहीत. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज: पॅड संपले, उद्यावर ढकलू नका. उतारावर जळका वास आणि जोर देऊनही पकड कमी: ब्रेक तापले, सुरक्षित जागी थांबा, थंड होऊ द्या, पाणी ओतू नका.

एक सोपी परीक्षा घरच्या मोठ्या माणसांना करायला सांगा. सपाट जागी गाडी उभी करून चाकाला दगड लावावा, हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्ये असावी. एंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावा. तो कडक होईल. तसाच दाबून धरून एंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेला तर पंप आणि बूस्टर काम करीत आहेत. नाही गेला तर घाट चढण्यापूर्वी मेस्त्रींकडे जावे. निपल उघडणे, जॅक लावणे हे उद्योग मात्र तुम्ही एकट्याने करायचे नाहीत.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, आता गाड्या सुधारल्या आहेत. हे खरे आहे. मास्टर सिलिंडरात दोन स्वतंत्र कप्पे असतात. एक वाट फुटली तरी दुसरी उरते. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना चाके जखडू न देणारी ‘एबीएस’ व्यवस्थाही सक्तीची झाली. मग मुलांच्या डोक्यावर हे ओझे कशाला?

माझे म्हणणे असे की, या सुधारणांमुळे अचानक, पूर्वसूचना न देता ब्रेक जाणे दुर्मिळ झाले आहे. नेमके त्यामुळेच ‘ब्रेक फेल झाला’ हे उत्तर अधिक संशयास्पद ठरते. बहुतेक वेळा पेडलने आधी सांगितलेले असते, वासाने सांगितलेले असते, दिव्याने सांगितलेले असते. आणि एबीएस चाक घसरू देत नाही, पण उकळलेल्या द्रवाला ती गार करीत नाही की रित्या बूस्टरमध्ये पोकळी भरीत नाही. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हा नियम कुठल्याही यंत्राने रद्द केलेला नाही.

जुलै २०२५ मध्ये द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळच्या आडोशी बोगद्याच्या परिसरात, उतारावर ताबा सुटलेल्या एका कंटेनर ट्रेलरने वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली आणि एका महिलेचा बळी गेला. बातम्यांत कारण म्हणून तेच तीन शब्द होते. दोन दिवसांनी विषय मागे पडला. त्याच बोरघाटातल्या लोहमार्गाकडे पाहा. तो १८६३ मध्ये सुरू झाला. गाडीचा ताबा सुटू शकतो हे रेल्वेवाल्यांनी गृहीतच धरले आणि सुटलेल्या गाडीला चढावर नेऊन थांबविणारे फाटे घाटात बांधले. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. बिघाड होईल असे मानून तयारी करणे, आणि झाल्यावर त्याचे नेमके कारण लिहून ठेवणे, यालाच अभियांत्रिकी म्हणतात. शिंगरोबाला काका हात जोडतात, मीही जोडतो. पण नमस्कार आणि खालचा गिअर यांत विरोध नाही.

लिहून ठेवण्याचा धडा तर आपल्या अलिबागलाच आहे. येथील चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालू आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे आधीच ओळखून ती येथे आणली गेली. बिघाड होण्यापूर्वी त्याचे कारण ओळखणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. तुमच्या घरच्या गाडीत एक साधी वही ठेवा. ब्रेक ऑइल कधी बदलले, पॅड कधी, कोणता आवाज कोणत्या दिवशी आला, गाडी खाऱ्या पाण्यात गेली होती का. सहा महिन्यांनी ती वही तुम्हाला पुस्तकात नसलेले भौतिकशास्त्र शिकवील.

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. पास्कलचा नियम शिकविताना दोन पिचकाऱ्या आणि एक सलाइनची नळी घ्या. आधी पाणी भरून, मग एक बुडबुडा सोडून मुला-मुलींना दट्ट्या दाबायला लावा. बोटाला जो फरक जाणवेल तो फळ्यावर लिहून दाखविता येणार नाही. आणि वर्षातून एक तास वर्ग गावातल्या मेस्त्रींकडे न्या. शास्त्र त्यांच्याकडे आहे. त्याची नावे तेवढी आपल्याकडे आहेत.

माझी मुलगी आता गाडी चालवायला शिकते आहे. परवा कार्लेखिंडीच्या उतारावर शेजारी बसलेल्या काकांनी तिला सवयीने सांगितले, “टाक न्यूट्रल.” तिने तिसरा गिअर टाकला आणि म्हणाली, “काका, बूस्टरची पोकळी किती वेळा पुरते, सांगा बघू?” काका काही बोलले नाहीत. पण खिंड उतरून झाल्यावर म्हणाले, “तुझ्या बापाने हे मला त्या दिवशी घाटात का नाही सांगितलं?”

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणूनच ते तुम्हाला आज सांगितले.